संशय कोणाचा आणि खबर कोणाला?



या पानांतून आम्ही आपल्याशी बोलतो ते बेण्याविषयी, खतांच्या मात्रांविषयी, नाही तर हुमणीविषयी. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. ऊस विकास खात्याच्या माणसाने चोराचिलटांवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आम्ही गटागटांतून फिरतो तेव्हा खोडव्यात पाचट ठेवले का, हे विचारायच्या आधीच सभासद सांगू लागतो, "साहेब, ते पाचटाचं राहू द्या, आधी माझी केबल गेली ती ऐका." विहिरीवरची मोटारच गेली तर आम्ही सांगितलेल्या खताच्या मात्रेला काय अर्थ उरतो? तेव्हा हा विषय आमच्या खात्याचाच आहे, असे आम्ही मानतो.

चोरीला गेलेल्या केबलची किंमत सगळे धरतात, पण उसाचे काय झाले ते कोणी धरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ऊस जोमात वाढायला लागलेला असतो आणि पाण्याची गरजही तेव्हाच सर्वांत मोठी असते. अशा वेळी मोटार गेली, म्हणजे नवी आणायला पैसे उभे करणे, मेकॅनिक मिळणे, ती उतरवणे यांत आठ-दहा दिवस सहज जातात आणि पाण्याची एक पाळी चुकते. एकरी ४० टनांच्या फडाला अशा एका चुकीने चारच टन घट आली आणि टनाला ३,००० रुपये धरले, तरी एकरी १२,००० रुपये बांधावरच गेले. दोन एकरवाल्याच्या बाबतीत हे नुकसान मोटारीच्या बरोबरीने येऊन बसते. आणि रोहित्र गेले तर एकाचे नव्हे, त्या डीपीवरच्या सगळ्यांचेच पाणी बंद. डीपी फोडणारा आतले तेल जमिनीवर ओतून देतो, कॉइल तेवढी नेतो, आणि मागे पंधरा-वीस कुटुंबे वीज कंपनीच्या कार्यालयात खेटे घालत बसतात.

हुमणीचे जसे आहे तसेच याचेही. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. ते ज्याने पाहिले आणि त्याच आठवड्यात गोळा करून मारले, त्याचा ऊस वाचतो. ज्याने ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडल्यावर पाहिले, त्याला आम्ही तरी काय सांगणार? चोरीच्याही आधी अशा खुणा दिसतात. त्या दिसतात पुष्कळांना, पण कोणी बोलत नाही. चोरी झाल्यावर चावडीपुढे माणसे जमतात आणि मग एकेक जण सांगू लागतो. "परवा रात्री मळ्याच्या वाटेवर टेम्पो उभा होता खरा." "ओढ्याकडनं प्लास्टिक जळल्याचा वास येत होता बघा." अहो, मग परवाच का नाही सांगितले? उत्तर ठरलेले असते, "कशाला कुणाच्या वाईटात पडायचं."

केबल चोरणारा ती आहे तशी विकत नाही. वरचे आवरण जाळून तांबे मोकळे करतो, आणि त्यासाठी ओढा, नदीची मळी, बंद पडलेली खाण अशी आडबाजूची जागा शोधतो. रात्री अपरात्री किंवा भल्या पहाटे अशा जागी धूर दिसला, प्लास्टिक जळाल्याचा उग्र वास आला, तर तो कोणाच्या तरी विहिरीवरची केबल जळण्याचा वास असू शकतो. दुसऱ्या दिवशी तिथे काळी राख आणि तारेचे बारके तुकडे सापडतात. ती जागा पायांनी विस्कटू नका. तो पुरावा आहे.

रोहित्राच्या बाबतीत खूण वेगळी. डीपीवर हात घालायचा तर आधी वीज तोडावी लागते. भारनियमनाची वेळ नसताना, गावात सगळीकडे दिवे असताना फक्त आपल्याच डीपीवरची मोटार मध्यरात्री बंद पडली, तर बहुतेक वेळा फ्यूज गेला असेल, हे खरे. पण रात्रपाळीचे पाणी पाजायला गेलेला माणूस "गेली लाइट, झोपू आता" म्हणून घोंगडे ओढून पडतो, तेवढ्यात काम उरकते. एकट्याने डीपीकडे जाऊ नका. शेजारच्या मळ्यातल्याला फोन करा, त्याची चालू आहे का विचारा, लांबून बॅटरीचा झोत टाका. चोराला उजेड आणि आवाज सोसत नाही. पाणीपुरवठा संस्थांच्या जॅकवेलवर काम करणाऱ्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. अलीकडे सौर कृषिपंपही पुष्कळ झाले. त्यांच्या पाट्या उघड्यावर असतात आणि दिवसाढवळ्या "कंपनीकडनं आलोय, सर्व्हिसिंगला" म्हणून कोणीही येऊन पाने-पकडी लावू शकतो. आपण तक्रार केली नसताना सर्व्हिसिंगला माणूस आपणहून आला, तर इतकी तत्परता पाहून सावध झालेले बरे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चोरी झाली की आपला पहिला संशय कोणावर जातो? हंगाम चालू असेल तर टोळीवर. हंगाम नसेल तर माळावर उतरलेल्या पालांवर. हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, आणि आम्हाला ते पटत नाही. बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून आलेले तोडणी कामगार पहाटे फडात शिरतात, दिवसभर कोयता चालवतात, रात्री गाडी भरायला उठतात. त्यांच्या खोपीत पेटी, चार भांडी आणि पोरे याखेरीज काही नसते. पाणबुडी मोटार विहिरीतून वर काढायला दोर, कप्पी, माणसे आणि गाडी लागते. कोणत्या विहिरीची मोटार किती अश्वशक्तीची, मालक रात्री मळ्यात असतो की गावात, कुत्रे बांधलेले असते की मोकळे, एवढी माहिती लागते. ही माहिती परक्या मुलखातून आलेल्याला कोठून असणार? ज्याला आपल्या पाणंदीची वळणे अंधारात ठाऊक आहेत, त्याचा विचार मनात येणे आपल्याला अवघड जाते, एवढेच. टोळीत सगळेच संत असतात, असे आमचे म्हणणे नाही. पण माणूस कोठला, कोणत्या जातीचा, कसा दिसतो, यावरून संशय घेणारा हमखास चुकतो, आणि त्याच वेळी खरा चोर त्याच गर्दीत उभा राहून "मारा साल्याला" म्हणत असतो.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे काय झाले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. आठवड्याच्या बाजारचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी पाच माणसे तेथे आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते, असे निरोप त्या सुमारास मोबाईलवरून गावोगाव फिरत होते. त्यावरून जमावाने या पाच जणांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि मरेपर्यंत मारले. कोणाचेही मूल पळवले गेलेले नव्हते. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे चोरांच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असे तिघे जण मारले गेले, तेही पोलीस समोर असताना. दोन्ही ठिकाणी माणसे सुरुवातीला जमली ती आपल्या गावाच्या रक्षणासाठीच, असेच त्यांना वाटत असणार. आणि मग ज्यांच्यावर खटले भरले गेले, त्यांची शेती कोणी केली असेल, त्यांच्या घरच्या बायकापोरांनी वकिलाचे पैसे कोठून आणले असतील, याचाही विचार करून पाहा.

डवरी गोसावी, नंदीवाले, वासुदेव, कुडमुडे जोशी ही मंडळी आपल्या गावात आज येत नाहीत. आपल्या आजा-पणजांनी त्यांना सुपातून पसा दिलेला आहे. मेंढरे घेऊन येणाऱ्याला तर आपणच निरोप पाठवून, पैसे देऊन रानात बसवतो, खत मिळावे म्हणून. वर्षाचे अकरा महिने जो बाहेर असतो तो बाराव्या महिन्यात आला, की व्हॉट्सॲपवरच्या एका निरोपाने लगेच परका कसा होतो, हे आम्हाला कोडेच आहे. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे-नगर भागांत रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावेच्या गावे जागत होती. आता ड्रोनने औषध फवारणी आपल्याच फडांत होते. प्रत्येक वेळी काठ्या घेऊन धावायचे म्हटले तर फवारणीवाला पोरगाही एखाद दिवशी मार खायचा.

मग संशय घ्यायचाच नाही का? घ्यायचा. पण माणसाचा नव्हे, कृतीचा. फाटक्या कपड्यातला माणूस रस्त्याने चालला आहे, ही संशयाची गोष्ट नाही. चांगल्या कपड्यातला माणूस मालक नसताना विहिरीत डोकावून मोटारीची पट्टी वाचतो आहे, ही आहे. दिवे मालवलेली गाडी पाणंदीत तासभर उभी आहे. नंबरपाटीला चिखल फासला आहे, आणि पाऊस तर महिनाभर नाही. बंद घराची बेल वाजवून कोणी नसल्याची खात्री करून कोणी परत चालला आहे. शाळा सुटायच्या वेळी तोच मोटारसायकलवाला दोन-तीन दिवस त्याच वळणावर उभा आहे. अशा वेळी तो आपल्या भावकीतला असला तरी नोंद घ्यायची आणि वर सांगायचे.

या बाबतीत आमचा अनुभव असा, की बायकांना दिसते ते पुरुषांना दिसत नाही. खुरपायला गेलेली बाई दिवसभर बांधावर असते. कोण आले, कोण गेले, कोणाची गाडी दोनदा फिरली, हे तिने पाहिलेले असते. पण ग्रामसुरक्षा दलाची बैठक झाली की तीत एक बाई नसते, आणि पोलीस आले तरी चौकशी पुरुषांकडेच. शाळेच्या वाटेवरच्या त्या मोटारसायकलवाल्याचे तर मुली घरी आईलाच सांगतात. आईने ते "गप बस, शाळा बंद होईल" म्हणून दाबू नये. मुलांच्या बाबतीत १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो आणि तो फुकट लागतो.

खबर कोणाला द्यायची, याविषयी लोकांच्या मनात फार गोंधळ आहे. गावात पोलीस पाटील आहेत. ते नुसते दाखल्यावर सही करायला नाहीत. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली त्यांची नेमणूक असते आणि गावातली अशी माहिती ठाण्याला कळवणे हे त्यांचे कामच आहे. आपले बीट अंमलदार कोण, त्यांचा नंबर काय, हे प्रत्येक सभासदाने माहीत करून घ्यावे. आमच्या पाहण्यात आमदाराचा नंबर सगळ्यांकडे असतो, बीट अंमलदाराचा फारच थोड्यांकडे. तातडीचे असेल, म्हणजे चोरी चालू आहे, मारामारी चालू आहे, कोणाच्या जिवावर बेतले आहे, तर सरळ ११२ फिरवावा. मात्र फोन उचलणारा माणूस आपल्या गावचा नसतो, हे ध्यानात ठेवावे. "मळ्यात या, म्हसोबाच्या पलीकडं" असे सांगितले तर त्याला काय कळणार? जिल्हा, तालुका, गाव, वस्तीचे नाव, कोणत्या रस्त्याने किती अंतर, जवळची ठळक खूण, एवढे आधी सांगावे. ऊस नोंदीमुळे आपल्याला गट नंबर तोंडपाठ असतात, डीपीवरही क्रमांक रंगवलेला असतो. ते सांगितले तर स्थानिक पोलिसांना जागा नेमकी कळते.

जे पाहिले तेवढेच सांगावे. "चोर आले होते" हे आपले अनुमान झाले. "रात्री १ वाजून १० मिनिटांनी पांढरा छोटा टेम्पो, नंबरातले शेवटचे दोन आकडे अमुक, तिघे जण, एकाने काळे जर्किन घातलेले, ओढ्याकडून डांबरी रस्त्याकडे गेले" ही माहिती झाली. घरी जाऊन लगेच पंचांगाच्या मागे का होईना, लिहून ठेवावी. सकाळपर्यंत पांढऱ्या टेम्पोचा निळा होतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. आणि कोणाचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर "हा माणूस दिसल्यास ठोका" असे टाकणे तर सर्वस्वी टाळावे. तो फोटो पोलिसांना पाठवा, लोकांना नको. तिसऱ्या गावात पोचेपर्यंत त्याचे काय होईल ते आपल्या हातात राहत नाही.

चोर मुद्देमालासह समोर सापडलाच तर? डोळ्यांदेखत असा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकालाही धरता येते, असे कायदा म्हणतो. पण विनाकारण वेळ न लावता, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. धरता येते याचा अर्थ झाडाला बांधून झोडपता येते असा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून कोणाचा जीव घेतला, तर त्यांतल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. "मी नुसता बाजूला उभा होतो" हे कोर्टात सिद्ध करता करता उमेदीची वर्षे निघून जातात.

आता पोलीस ठाण्याचा विषय निघालाच आहे, तर सभासदांची तक्रार आम्ही लपवून ठेवणार नाही. "गेलो होतो साहेब, नुसता अर्ज लिहून घेतला, फिर्याद घेतली नाही. 'मोटार काय, मिळंल की' म्हणाले." ही तक्रार इतक्या वेळा कानावर येते की ती सगळी खोटी म्हणता येणार नाही. चोरीची फिर्याद नोंदवून घेणे हे ठाण्याचे कर्तव्य आहे आणि तिची प्रत फिर्यादीला फुकट द्यावी लागते. आपली हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात खबर नोंदवता येते आणि ते पुढे पाठवतात. तरीही घेतली नाही, तर हकीकत लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. टपालाची पावती मात्र जपून ठेवावी. दोष एकट्या ठाण्याचाही नाही. दहा मोटारी गेल्या तर फिर्याद द्यायला दोघे जातात, बाकीचे म्हणतात, "कोण हेलपाटे घालणार." मग दप्तरात दोनच चोऱ्या दिसतात आणि रात्रीची गस्त दुसऱ्या गावाला जाते.

आणि एक प्रश्न आम्ही विचारणारच आहोत, कोणाला राग आला तरी चालेल. चोरलेली मोटार जाते कोठे? तांबे भंगारात जाते, हे ठीक. पण चांगली चालू मोटार भंगारात कोण घालील? ती कोणाच्या तरी विहिरीत उतरते. "पाहुण्याकडची आहे, जुनी आहे, पावती नाही, निम्म्यात देतो" असे सांगणारा माणूस येतो आणि आपल्यातलाच कोणी तरी ती घेतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला जागा असताना घेणारा हाही कायद्याने गुन्हेगारच ठरतो. निम्म्या किमतीत बिनपावतीची मोटार मिळते, यापेक्षा संशयाला आणखी कोणती जागा हवी? टोळीच्या खोपी तपासा म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या शिवारातल्या पावत्या तपासाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाहनमालक सभासदांसाठी मुकादमांविषयी थोडे. उचल घेऊन मुकादम आलाच नाही, या प्रकाराने आपल्या किती तरी ट्रॅक्टरवाल्यांची घरे बसली आहेत. करार करताना मुकादमाबरोबर जोड्यांची नावे, गाव, ओळखपत्रे पाहावीत, शक्य तर गावी जाऊन प्रत्यक्ष मजुरांना भेटावे, पैसे बँकेतून द्यावेत. जोड्यांची नावे सांगताना जो अडखळतो, पण उचलीचा आकडा सांगताना अडखळत नाही, त्याच्यापासून लांब राहावे. फसवणूक झालीच तर फिर्याद. माणसे घालून मुकादमाला किंवा त्याच्या भावाला उचलून आणणे, कोंडून ठेवणे, हा प्रकार काही ठिकाणी चालतो हे आम्हाला माहीत आहे. तो अपहरणाचा गुन्हा आहे. ज्याचे पैसे बुडाले तोच मग आत जातो आणि पैसे बुडतात ते बुडतातच. तसेच, टोळीतल्या एखाद्या कुटुंबाला उचल फिटेपर्यंत जाऊ दिले जात नाही, आजारी बाईला दवाखान्यात नेऊ दिले जात नाही, असे कोणाच्या नजरेस आले तर तेही कळवायचेच आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झालेली आहे. ते आपल्याच फडात चालले असेल तरी कळवायचे.

आमच्या खात्याशी थेट संबंध असलेली बाब म्हणजे बोगस खते, औषधे आणि बेणे. गाडी घेऊन दारात येणारा, टॉनिकच्या बाटलीवर एकरी शंभर टनांचे चित्र दाखवणारा, पावती मागितली की "पावती घेतली तर महाग पडंल" म्हणणारा, आणि "कारखान्यानंच पाठवलंय" असे ठोकून देणारा. आमच्या खात्याचा माणूस ओळखपत्राशिवाय फिरत नाही आणि शेतात रोख पैसे घेत नाही. न नोंदीसाठी, न तोडीच्या नंबरासाठी. खते-औषधे विकणाऱ्याकडे परवाना असावाच लागतो आणि पक्की पावती मागणे हा आपला हक्क आहे. ८६०३२ किंवा २६५ म्हणून कोणाच्याही फडातले कांडे "पाडेगावचं मूलभूत बेणं" या नावाने विकले जाते, तेव्हाही कागद मागावा. संशय आला तर गाडी अडवून भांडण काढू नका, गाडीचा नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबर टिपून गट कार्यालयाला किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला लगेच कळवा. दुपारी कळवले तर संध्याकाळपर्यंत गाडी सापडण्याची शक्यता असते, आठवड्याने कळवले तर आमच्या हाती रिकामी बाटली येते.

"तुमचं उसाचं बिल अडकलंय, मोबाईलवर आलेला नंबर सांगा" असे फोनही हल्ली येतात. बिल तुमच्या बँक खात्यावर कारखान्याकडून जमा होते, त्यासाठी कोणालाही कसलाही नंबर सांगावा लागत नाही. सांगून बसला असाल आणि पैसे गेले असतील, तर लाजून गप्प न बसता त्याच घटकेला १९३० वर फोन करावा. जितके लवकर, तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

जळिताविषयी फार लिहीत नाही. विजेच्या तारांनी ऊस पेटतो, कोणी विडी टाकतो, कोणी वैराने काडी लावतो. आणि काही ऊस तोड लांबली की आपणहून पेट घेतो, त्याचे शास्त्रीय कारण आमच्या पदविकेत शिकवले नव्हते.

शेवटी एक काम. मोटार सापडते, पण ती आपलीच हे दाखवता येत नाही म्हणून ठाण्याच्या आवारात गंजत पडते, असे होते. मोटारीच्या पट्टीवरचा अनुक्रमांक आणि कंपनीचे नाव आजच वहीत उतरवून घ्यावे. पट्टी उपटता येते, म्हणून बॉडीवर पंचाने आपली आद्याक्षरे आणि गट नंबर दोन ठिकाणी ठोकून घ्यावा, एक सहज दिसेल असा, एक तळाशी. पावतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. पाणबुडी मोटार एरवी वर येत नाही. ती दुरुस्तीला निघेल तेव्हा हे उरकावे. या महिन्यात ऊस नोंदीची खातरजमा करायला शेतकी मदतनीस आपल्याकडे येतील, तेव्हा त्यांच्याजवळच्या वहीत सातबारावरच्या नावासमोर मोटारीचा क्रमांकही लिहवून द्यावा. ज्यांची मोटार सामाईक विहिरीवर आहे, त्यांनी सगळ्या हिस्सेदारांची नावे सांगावीत.